दमट हवेत घोडीसाठी जाळीची झूल निवडताना

आमची घोडी मैना आमच्याकडे आली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तिथे मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची रांगच लागलेली असते. मारवाडी जातीची, कुमैत रंगाची, पाच वर्षांची घोडी आम्हाला पसंत पडली. व्यवहार ठरल्यावर ग्लँडर्सच्या तपासणीसाठी तिचं रक्त दिलं आणि रोग नसल्याचा दाखला हातात येईपर्यंत तिला विकणाऱ्याकडेच ठेवलं. ग्लँडर्स घोड्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे या कागदाची घाई करू नका. टेम्पो आधी ठरवून ठेवलात तर भाडं अंगावर पडतं.

नंदुरबारच्या कोरड्या थंडीतून ती अलिबागजवळ आमच्या वाडीत आली. माघ सरेपर्यंत सगळं छान चाललं. होळी झाली, हवेत ओलावा भरायला लागला आणि माश्या आल्या. मैना दिवसभर पाय आपटायची, शेपटी चालूच. मार्चअखेरीला तिच्या आयाळीच्या मुळाशी बारीक गाठी दिसल्या. शेपटीचं बूड ती आंब्याच्या बुंध्याला इतकं घासायची की तिथले केस तुटून कुंचल्यासारखे उभे राहिले. आमचे मोतद्दार काका रोज खरारा करताना मला त्या जागा दाखवायचे. एक दिवस म्हणाले, "ताई, हिला जाळी आणा अंगावर घालायची. मुंबईच्या रेसच्या घोड्यांना असते ना, तशी."

माझी शोधाशोध तिथून सुरू झाली. नेटवर माहिती उदंड आहे, पण बहुतेक लिहिणारे थंड किंवा कोरड्या मुलुखातले. मे महिन्यात दुपारी तीन वाजता अंगाला सदरा चिकटतो अशा ठिकाणी घोड्यावर आणखी एक कापड टाकायचं की नाही, हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुठेच सरळ मिळेना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना बोलावलं. झुलेबद्दल बोलण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, "माश्या कुठल्या, कधी येतात आणि कुठे बसतात?" मला सांगता येईना. मग तीन वेळांना तबेल्यात उभं राहून बघायला लागले आणि चित्र हळूहळू स्पष्ट झालं. सकाळी उन्हं चढली की तबेल्यातली चावरी माशी यायची. दिसायला घरमाशीसारखीच, पण पुढे टोचणारी सोंड, आणि बसते ती मुख्यतः पायांवर, डोकं वरच्या बाजूला करून. भर उन्हात मोकळ्यावर मोठी गोमाशी. ती एकटीदुकटी येते, पण चावली की रक्ताचा थेंबच दिसतो. आणि पहाटे व दिवेलागणीला चिलटं, डोळ्याला जेमतेम दिसणारी, आयाळीत आणि शेपटीच्या बुडाशी घुसणारी.

मैनेच्या गाठी चिलटांच्या होत्या. काही घोड्यांना या चिलटांच्या लाळेची ॲलर्जी असते आणि त्यांना खाजेने वेड लागायची पाळी येते, असं डॉक्टर म्हणाले. पायांवरच्या माशीचा झुलेशी काही संबंधच नाही, कारण झूल पाय झाकत नाही. ही गोष्ट आधी कळली म्हणून बरं झालं, नाहीतर चार हजारांची झूल घालूनही ती पाय आपटतेच आहे म्हणून मी कपाळाला हात लावला असता.

त्याच सुमारास समुद्रावर फिरणाऱ्या घोड्यांपैकी एकाला ताप येऊन जात होता, म्हणून डॉक्टरांनी सर्रा या रोगाची तपासणीही करून घ्यायला सांगितलं. सर्राचे जंतू गोमाशी आणि चावरी माशी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढला, रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घातली आणि पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात मी स्वतःच नेऊन दिली. सोबत डॉक्टरांचं पत्र लागतं: जनावराचं वय, लिंग, लक्षणं, ताप किती, मालकाचं नाव. पत्राची झेरॉक्स जवळ ठेवा आणि नळीवरच्या चिठ्ठीवर बॉलपेनने लिहा, कारण शाईचं लिहिलेलं बर्फाच्या पाण्यात पसरतं. अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला होता. निकाल चांगला आला.

आता झूल. पुण्यात घोडेस्वारी करणाऱ्या एका मैत्रिणीने तिच्याकडची जुनी झूल वापरून बघायला दिली. पीव्हीसीचा मुलामा दिलेल्या जाड धाग्याची, काटेरी कुंपणाला अडकली तरी फाटणार नाही अशी दणकट. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिचा घोडा ती दिवसभर घालतो.

आमच्याकडे ती घालून बघण्याआधी डॉक्टरांनी एक कसोटी शिकवली, ती सगळ्यांनी जरूर करावी. घोडा माणसासारखाच घाम वाळवून अंग थंड ठेवतो. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे झुलेखाली काय चाललंय हे हात घालूनच कळतं. सावलीत उभ्या असलेल्या घोड्याच्या बरगड्यांमागचा भाग वरखाली होतो, तो मिनिटभर मोजायचा. विश्रांतीत निरोगी घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात आणि अंगाचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस. आमच्याकडे मेमध्ये दुपारी झुलेशिवायसुद्धा मैनेचे श्वास २०-२२ असायचे. ती दणकट झूल घालून आंब्याखाली तासभर उभी केली तर श्वास ३६ झाले. हात आत घातला तर झुलेची आतली बाजू निथळत होती आणि खांद्याशी फेस आला होता. काकांनी काही न बोलता बकल सोडलं, पाण्याने अंग धुतलं आणि पंख्याखाली नेलं. अर्ध्या तासात ती २२ वर आली.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्यायची: घोड्याला घाम येतोय ना? उष्ण दमट हवेत काही घोड्यांचं घाम येणंच बंद होतं. बाहेर ३४ अंश आणि घोड्याच्या कोपराजवळची त्वचा कोरडीठाक, असं दिसलं तर झूल वगैरे विसरा आणि आधी डॉक्टर गाठा.

मैत्रिणीची झूल धुऊन परत केली. ती वाईट होती असं मुळीच नाही, आमच्या हवेची नव्हती एवढंच.

ह्यूस्टनला माझी भाची असते. तिथेही हवा आपल्या कोकणासारखीच चिकट. तिने तिकडच्या झुलांच्या लिंका पाठवल्या. चिलटांसाठी खास वेगळ्या झुला मिळतात, अगदी बारीक विणीच्या, पोटाखालून पट्टा आणि मानेवर टोपरं असलेल्या. किंमत दीडशे डॉलरच्या वर, त्यावर कुरियर, त्यावर कस्टमची ड्युटी, आणि पार्सल सोडवायला आधारसकट केवायसी. एवढं करून माप चुकलं तर परत पाठवायचं कसं? तो नाद तिथेच सोडला.

कीटकनाशक मुरवलेल्या झुलाही असतात, बहुधा परमेथ्रिनच्या. धुण्यागणिक त्याचा जोर कमी होतो, हे एक. पण मला जास्त धास्ती वाटली ती आमच्या तीन मांजरांची आणि वाडीच्या तळ्यातल्या माशांची, कारण परमेथ्रिन मांजरांना आणि माशांना फार विषारी. ज्यांच्याकडे मांजर घोड्याच्या चंदीच्या पोत्यावरच झोपतं त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

पट्ट्यापट्ट्यांच्या झुलाही दिसल्या. मला आधी तो विनोद वाटला होता. पण २०१९ साली इंग्लंडमध्ये संशोधकांनी घोड्यांना काळी, पांढरी आणि झेब्र्यासारखी पट्टेरी अशी वस्त्रं घालून माश्या मोजल्या होत्या. गोमाश्या पट्ट्यांपर्यंत येत होत्या, पण तिथे कमी उतरत होत्या. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पट्टे काढायला माझा पुतण्या आहे, पेंटर आहे तो. पण मैनेला आरशात दाखवू नका." गोमाशीचा त्रास जास्त असेल त्यांनी पट्ट्यांचा जरूर विचार करावा. आमचं दुखणं चिलटांचं होतं.

कानपूरला घोड्याच्या सामानाचा मोठा उद्योग आहे. खोगीर, लगाम, झुला असं सगळं तिथून परदेशात जातं, आणि कानपूरच्या खोगीरसामानाला भौगोलिक मानांकनही आहे. बरेच कारखाने घाऊकच माल देतात. फोनाफोनी करून एक लहान कारखानदार मिळाला, जो एकेक नग मापाने शिवून देतो. व्हॉट्सॲपवर हिंदीत बोलणं झालं. मी आधी कापडाचे नमुने मागितले. दोनशे रुपये पाठवल्यावर तळहाताएवढे पाच तुकडे स्पीडपोस्टने आले.

हे पाच तुकडे घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. प्रत्येक तुकड्यावर आधी मोहरी टाकली, मग खसखस. मोहरी दोन तुकड्यांतून खाली पडली. खसखस चारांतून. ज्या भोकातून खसखशीचा दाणा जातो त्यातून चिलटही जाऊ शकतं, असा माझा हिशेब. माश्या मात्र पाचही तुकड्यांनी अडल्या असत्या. मग तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारली: पलीकडच्या तळव्याला वारा लागतो का? खसखस अडवणाऱ्या तुकड्यातून वारा जेमतेम जात होता. शेवटी सगळे भिजवून, पिळून पडवीत एकाच दोरीवर वाळत घातले. पॉलिएस्टरचे तुकडे तासाभरात सुकले. सुती मिश्रणाचा एक होता, हाताला सर्वांत मऊ, तो संध्याकाळपर्यंत ओलसरच. तो बाद.

म्हणजे पेच असा की जी जाळी चिलटांना अडवते ती वाऱ्यालाही अडवते. विरळ घेतली तर घोडी गार, पण गाठी तशाच. दाट घेतली तर गाठी थांबतील, पण दुपारी अंगाची भट्टी. दोन दिवस मी याच्यावर डोकं खाजवत बसले. उत्तर घड्याळात होतं. चिलटं येतात पहाटे आणि दिवेलागणीला. दुपारी ती जवळजवळ नसतातच, तेव्हा झुलेची गरजही नाही. दुपारी घोडी छपराखाली, पंख्याच्या वाऱ्यात, उघड्या अंगाने. पंख्याचा आणखी एक फायदा म्हणजे चिलटांना उडायची ताकद फार कमी, चांगल्या वाऱ्यात ती टिकत नाहीत. झूल फक्त पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन-तीन तास, जेव्हा ती बाहेर चरत असते आणि समुद्राकडून थोडा वाराही असतो. एवढ्या वेळासाठी दाट जाळी चालेल असं डॉक्टरही म्हणाले, अट एकच, श्वास मोजत राहायचे.

म्हणून मी बारीक विणीची, पांढरी, मान झाकणारी आणि शेपटीच्या बुडावर पदर असलेली झूल मागितली. पांढरी अशासाठी की उन्हात तापत नाही, आणि तिच्यावर बसलेलं काहीही लगेच दिसतं.

माप असं घ्यायचं: घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सारखे टेकून उभा. छातीच्या मध्यापासून फीत खांद्याच्या सर्वांत पुढे आलेल्या हाडावरून, बाजूने सरळ मागे पार्श्वभागाच्या टोकापर्यंत. दोन माणसं लागतातच. मैनेचं माप ७० इंच आलं. तयार झुला ६९, ७२, ७५ अशा तीन-तीन इंचांच्या टप्प्याने असतात. परदेशी मालात कधी कधी पाठीची लांबी सेंटिमीटरमध्ये देतात, ते माप वेगळ्याच जागेवरून घेतलेलं असतं, त्याचा आणि या इंचांचा सरळ हिशेब बसत नाही. मारवाडी घोड्याची छाती अरुंद आणि मान उंच असते, म्हणून मी मानेच्या बुडाचा घेरही कळवला आणि चारही बाजूंनी फोटो पाठवले.

झूल ४,२०० रुपये, कुरियर ३८०, निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने. पक्कं बिल मागून घ्या, शिवण उसवली तर बोलायला आधार राहतो. २ मेला ऑर्डर दिली. पंधरा दिवस म्हणाले होते, आली २९ मेला. मधे मी रोज फोन केले नाहीत असं म्हणणार नाही. तोवर पंखा (३,४०० रुपये) लावून घेतला. वायर पाइपातून वरून आणली, कारण घोडं काहीही चावतं.

नवी झूल लगेच अंगावर टाकायची नाही. काकांनी ती आधी दोन दिवस चंदीच्या पोत्याजवळ ठेवली, म्हणजे तिला तबेल्याचा वास लागला. मग मैनेला हुंगायला दिली, घडी करून खांद्यावरून फिरवली आणि मग उलगडली. घालताना आधी छातीचं बकल, मग पोटाखालचे पट्टे, शेवटी मागच्या पायांचे. काढताना बरोबर उलट, म्हणजे घोडी मधेच बिथरली तरी झूल मागे घसरून पायांत गुंतत नाही. पोटाखालचा पट्टा आणि पोट यांत पंजा बसेल एवढी जागा हवी. फार ढिला ठेवला तर बसता-उठताना खूर अडकतो.

पहिल्या संध्याकाळी तासाभराने श्वास मोजले, २४ होते. हात घातला तर आत ओलसर, पण निथळत नव्हतं. मी जरा निवांत झाले. चौथ्या-पाचव्या दिवशी खांद्यावरचे केस पिंजल्यासारखे दिसले. बाजारपेठेतल्या शिंप्याकडून आतून साटिनचा तुकडा लावून घेतला, दीडशे रुपये. घासणं थांबलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि झूल बरेच दिवस घडीतच राहिली. ओली झूल अंगावर ठेवायची नाही हा आमच्याकडे कडक नियम आहे, त्याने कातडीचे रोग होतात. उघडीप मिळाली की मात्र चिलटांचे थवेच्या थवे यायचे, तेव्हा घालायचो. याच काळात लीद आणि मुतरं गवत रोज उचलून लांबच्या खड्ड्यात टाकणं आणि वर ताडपत्री ओढणं सुरू केलं. चावरी माशी अशाच कुजक्या ओल्या वैरणीत वाढते. पायांचं आपटणं कमी झालं ते झुलेमुळे नाही, या खड्ड्यामुळे.

खरी परीक्षा ऑक्टोबर हीटमध्ये झाली. पाऊस गेलेला, जमीन ओली, वर ऊन, वारा पडलेला. दोन संध्याकाळी श्वास तिसाच्या वर गेले, तेव्हा झूल काढून सरळ पंख्याखाली नेलं आणि त्या दिवशी गाठी आल्या तर आल्या म्हटलं. बाकी दिवस नीट गेले. आयाळीच्या मुळाशी नवे केस दिवाळीच्या आसपास दिसायला लागले. शेपटीचं बूड अजून पूर्ण भरलेलं नाही.

झूल दर चार-पाच दिवसांनी साध्या पाण्यात बुचकळून धुतो, साबण अगदी थोडा आणि तो पूर्ण निघेपर्यंत खळबळायची. घामाचं मीठ आणि धूळ जाळीत साठली की ती काचपेपरसारखी घासते. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, बकलं आणि मशीन दोन्ही जातात. वाळेपर्यंत घोडी मोकळी राहते, म्हणून दुसरी झूल हवीच. या आठवड्यात तिची ऑर्डर दिली. छातीला एकाऐवजी दोन बकलं आणि पोटाचा पट्टा चार बोटं जास्त रुंद सांगितला आहे. जुनं माप पाठवणार होते, पण काका म्हणाले की घोडी पावसाळ्यात भरली आहे, फीत परत लावा. लावली तर ७१ आलं.